आईला सांगा

“…मग आता तिला खरं काय ते सांगू, की राहू दे?”

एवढं विचारून सदानंद उरुणकर थांबले.

समोर अप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. पेरणीसाठी बी काढणं चाललं होतं. अखंड दाणा एका सुपात, फुटका दुसऱ्या सुपात.

“कुनाला सांगायचं?” अप्पांनी विचारलं.

“माझ्या बायकोला. आत्ताच तर सगळं सांगितलं मी.”

“सांगितलंस खरं. पन पाठ केल्यागत सांगितलंस. माझ्या काय ध्यानात ऱ्हायलं न्हाई.” अप्पांनी एक शेंग फोडली. “बस सावकाश. परत सांग.”

उरुणकर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ‘परत सांगा’ हे त्यांना आयुष्यात पुष्कळांनी म्हटलं होतं. निर्मात्यांनी म्हटलं होतं, नटांनी म्हटलं होतं, डोळे पुसत पुसत म्हटलं होतं. ध्यानात राहिलं नाही म्हणून आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

वारणेच्या काठचा हा लिंगायतांचा लहानसा मठ. दगडी सोपा, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात एक बेलाचं झाड. अप्पा कित्येक वर्षं इथं एकटेच राहात. उरुणकर कोल्हापुराहून भाड्याची मोटार करून आले होते. वैशाखाच्या उन्हातही अंगात कोट होता. स्टुडिओतल्या एका म्हाताऱ्या रंगभूषाकारानं त्यांना अप्पांचं नाव सांगितलं होतं. ‘फार बोलत नाहीत ते,’ एवढंच तो म्हणाला होता.

“आदी हे सांग,” अप्पा म्हणाले, “तू करतोस काय?”

“मी उरुणकर.”

“ते सांगितलंस. करतोस काय?”

“सिनेमा लिहितो.”

“लिवत्यात व्हय? मला वाटलं, काढत्यात.”

“काढणारे वेगळे. सिनेमात माणसं जे बोलतात, ते मी लिहितो.”

“बोलून झाल्यावर?”

“नाही. बोलायच्या आधी.”

“आदी…”

अप्पांनी दाणा बोटांत फिरवून पाहिला आणि सुपात टाकला.

“मंजे कोन काय बोलनार, ते तुला आदीच ठावं असतंय.”

“असतं,” उरुणकर म्हणाले.

या एका बाबतीत त्यांच्या मनात कधी शंका आली नव्हती.

आणि येण्याचं कारणही नव्हतं. उरुणातल्या एका शाळामास्तरांचा हा मुलगा. मॅट्रिकची परीक्षा टाकून नाटक कंपनीत पळाला तो नट व्हायला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्याला लिहायला बसवलं. प्रत्येक नटाची भाषणं वेगवेगळ्या कागदांवर उतरवून द्यायची, हे त्याचं काम. उतरवता उतरवता तो एखादा शब्द बदली. नटाच्या लक्षात येत नसे, पण त्या जागी टाळी पडे. मग तो दोन शब्द बदलू लागला.

पुढे पडद्यावरची माणसं बोलायला लागली आणि नाटक कंपन्या बसल्या. उरुणकरांची कंपनी कऱ्हाड मुक्कामी मोडली. पडदे, पेटारे विकून माणसं आपापल्या गावी गेली. उरुणकर गेले कोल्हापूरला. तिथे रावसाहेब कळंबेकर नावाचे दिग्दर्शक होते. मूकपटांच्या काळात त्यांचं मोठं नाव होतं, पण बोलपट आला तसे ते हवालदिल झाले होते. ते उरुणकरांना म्हणाले, “आमची माणसं मुकी आहेत हो. त्यांना वाचा द्या.”

उरुणकरांनी दिली. राजांना दिली, पाटलांना दिली, सासवांना आणि सुनांना दिली, फासावर जाणाऱ्यांना दिली. पोस्टरवर त्यांचं नाव नायकाच्या नावाएवढ्या अक्षरांत छापलं जाऊ लागलं. पण सगळ्यांत गाजलं ते त्यांच्या चित्रपटांतलं मरण. मरणारा माणूस शेवटी एकच वाक्य बोलायचा. साधं, घरगुती. आणि त्या वाक्याला अख्खं थिएटर फुटायचं. बायका जाताना जादा रुमाल घेऊन जात. मोठमोठे नट त्यांच्या घरी येऊन अजिजीनं म्हणत, “उरुणकर, या चित्रपटात मला मारा की हो.”

ते हसत. चहा मागवत. आणि कुणाला मारायचं ते आपल्या मनानं ठरवत.

यातलं थोडंफार त्यांनी अप्पांना सांगितलं. सांगताना त्यांची पाठ आपोआप ताठ झाली होती.

“बरं,” अप्पा म्हणाले. “आनि पोरगं?”

उरुणकरांची मान खाली गेली.

“श्रीधर. एकुलता एक.”

“काय झालतं?”

“मूत्रपिंडं गेली. विसावं लागलं होतं त्याला.”

मिरजेच्या इस्पितळात ते दोघं, नवरा-बायको, मुलाच्या उशाशी होते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आता आमच्या हातात काही नाही. श्रीधरच्या पायांवर, तोंडावर सूज होती. तो बराचसा वेळ ग्लानीत असे. जाग आली की आईला शोधी. मनोरमाबाई जवळच्या धर्मशाळेत जाऊन त्याच्यासाठी मऊ भात करून आणत. दोन घास जात, कधी तेही जात नसत. तरी त्या करून आणत.

त्या दिवशी दुपारी त्या भात आणायला गेल्या आणि तेवढ्यात श्रीधर गेला.

त्या परत आल्या तेव्हा पांघरूण वर ओढलेलं होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या. हातात पितळी डबा, त्यावर फडकं बांधलेलं. त्यांनी हंबरडा फोडला नाही. डबा तसाच धरून त्यांनी नवऱ्याला विचारलं, “काही बोलला का?”

उरुणकरांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

आणि ते म्हणाले, “बोलला ना. म्हणाला, ‘अण्णा, आईला सांगा, मी उपाशी गेलो नाही.’”

कुठून आलं ते वाक्य, त्यांना कळलं नाही. आलं. एका दमात आलं, काना-मात्रेचीही दुरुस्ती न लागता. मनोरमाबाई मटकन खाली बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

त्या वाक्यानं त्यांना जगवलं, यात मात्र खोटं काही नव्हतं. मुलाला पोचवून आल्यावर त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. नणंदा, जावा, शेजारणी सगळ्यांनी विनवून पाहिलं. मग एका सकाळी त्या आपणहून पाटावर येऊन बसल्या. म्हणाल्या, “वाढा. तो उपाशी गेला नाही, मी राहून कसं चालेल?” आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या ते वाक्य सांगत. दूधवाल्याला सांगत. देवळात ओळख झालेल्या परक्या बाईलाही सांगत. सांगून झालं की पदरानं तोंड पुसत आणि म्हणत, “शेवटपर्यंत माझीच काळजी हो त्याला.”

उरुणकर शेजारच्या खोलीतून ऐकत. वाक्य दर वेळी तेच असे. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

त्यांना स्वतःला मात्र रडू आलं नाही. स्मशानात आलं नाही, नंतर आलं नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा माणूस. श्रीधरचा चेहरा आठवायला गेले की आधी ते वाक्य येई, आणि चेहरा त्याच्यामागे कुठेतरी राहून जाई.

“आनि मग ते तू सिनेमात घातलंस,” अप्पा म्हणाले.

म्हणजे पहिल्यांदा सांगितलेलं त्यांच्या चांगलं ध्यानात होतं. उरुणकरांना ते जाणवलं.

“घातलं असं नाही…” ते म्हणाले. मग म्हणाले, “घातलं.”

श्रीधर जाऊन दोन वर्षं झाली होती. कळंबेकरांचा नवा चित्रपट अडला होता. ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलेला एक जवान, आणि गावी त्याची वाट बघणारी आई. सगळं जमलं होतं, शेवट जमत नव्हता. सेट उभा होता, नट रोज तोंडाला रंग लावून बसत होते. कळंबेकर म्हणाले, “उरुणकर, पोरगा मरतोय, पण पोटात काही हलत नाही.” उरुणकर दुपारभर बाजूच्या खोलीत बसले. मग त्यांनी कागद उचलला आणि त्यावर लिहिलं: ‘सुभेदार, आईला सांगा, मी उपाशी गेलो नाही.’

लिहिताना त्यांना वाटलं, हे श्रीधरसाठी. त्याचं काहीतरी मागे राहील. निदान त्या वेळी तरी त्यांना तसं वाटलं.

कळंबेकरांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

चित्रपट लागला तेव्हा पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला मनोरमाबाई नवऱ्याबरोबर गेल्या. मुलगा गेल्यापासून त्या अशा कुठे गेल्या नव्हत्या. उरुणकरांनी त्यांना आधी सांगायला हवं होतं. सांगावंसं वाटलंही होतं, पण आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं.

शेवटचा प्रसंग आला. जवानानं सुभेदाराच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोडा थांबला. मग ते वाक्य बोलला.

थिएटरात हुंदक्यांवर हुंदके फुटले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तर मोठ्यानं रडायला लागली. मनोरमाबाई रडल्या नाहीत. पडद्यावरच्या उजेडात त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. बाजारात कुणी ओळखीचं दिसावं आणि तेच माणूस आहे ना, याची खात्री करून घ्यावी, तसं त्यांनी पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

घरी येताना टांग्यात त्यांनी एकच विचारलं.

“हे असं… पटकन सुचतं का तुम्हाला?”

“कधी कधी,” उरुणकर म्हणाले.

“हं,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य कुणाला सांगितलं नाही. श्रीधरचं नावही काढलं नाही. भेटायला कुणी आलं आणि विषय निघाला, तर त्या उठून चहा टाकायला जात. उन्हाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हेच चाललं होतं. पानावर बसत, भात चिवडत, उठत. अंगावरचं लुगडं आता दुसऱ्या कुणाचं नेसल्यासारखं दिसे. वैद्य झाले, डॉक्टर झाले. रोग म्हणावा असा सापडेना.

आणि चित्रपट गावोगाव चालला होता. उरुणकरांना वाटेत अडवून लोक पाया पडत. शाळेतली पोरं ते वाक्य नाटकी आवाजात म्हणत. कळंबेकर नवी कथा घेऊन दारात येऊन जात, पण उरुणकरांनी त्यानंतर एक ओळ लिहिली नव्हती. दौतीतली शाई वाळली होती.

“ती एकदा विचारील, भांडेल, असं वाटत होतं,” उरुणकर म्हणाले. “ती काहीच बोलत नाही. खोटं होतं म्हणून सांगावं, तर तिच्यापाशी उरलेलं तेवढंही जाईल. न सांगावं, तर ती अशी डोळ्यांदेखत झिजतेय. म्हणून विचारतो. सांगू, की नको?”

अप्पांनी आणखी दोन-चार शेंगा फोडल्या.

“ते वाक्य म्हन बगू,” ते म्हणाले.

उरुणकरांनी म्हटलं. कितीही नको म्हटलं तरी आवाज जिथं खाली यायचा तिथं आला, आणि ‘उपाशी’ या शब्दाआधी ते किंचित थांबले.

“ब्येस हाय,” अप्पा म्हणाले. “आता पोरगं काय म्हनालं, ते म्हन.”

“तो काही म्हणाला नाही.”

“काईच न्हाई?”

“काही नाही.”

“मुकाच गेला?”

“मुका असं नाही…” उरुणकर चाचरले. “म्हणजे… सांगण्यासारखं काही म्हणाला नाही.”

अप्पांचे हात थांबले.

“सांगन्यासारखं नसंल ते सांग.”

“त्याचा काय उपयोग?”

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“अप्पा, मी लांबून आलोय. मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. सांगावं की न सांगावं.” उरुणकरांचा आवाज चढला. “तुम्ही मला नको ते विचारताय. आजारी माणूस ग्लानीत काहीबाही बोलतो. त्याला काही अर्थ नसतो. मी तीस वर्षं हेच काम केलंय. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, ते मला कळतं.”

“कळत असंल,” अप्पा म्हणाले, आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

उरुणकर उठले. काठी उचलली, सोप्याच्या पायरीवर बसून एका पायात बूट चढवला. मोटार झाडाखाली उभी होती, ड्रायव्हर आत झोपला होता. उन्हानं सगळं अंगण पांढरं पडलं होतं.

दुसरा बूट हातात तसाच राहिला.

मागून अप्पांनी बोलावलं नाही. शेंग फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक.

उरुणकर तिथंच, पायरीवर, अंगणाकडे तोंड करून बसून राहिले. अप्पांकडे पाठ होती. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती तशीच, पाठमोऱ्यानं.

“म्हणाला… ‘अण्णा, पायाला खाज सुटलीय.’”

“मग?”

“सूज होती ना. कातडी ताणली होती. अंगाला सारखी खाज यायची त्याच्या. त्याला स्वतःला हात पोचवता येत नव्हता.”

“मग?”

“मी खाजवलं.”

“मग?”

“म्हणाला, ‘जरा वर.’”

उरुणकरांनी हातातला बूट खाली ठेवला.

“मग?”

“मी जरा वर खाजवलं. त्याला बरं वाटलं. डोळे मिटले त्यानं.”

“मग?”

“मग काही नाही. …मी खाजवत होतो.”

अप्पांनी या वेळी ‘मग’ म्हटलं नाही.

“बराच वेळ खाजवत होतो,” उरुणकर म्हणाले. “नखं लागू नयेत म्हणून बोटांच्या पेरांनी. मला वाटलं, झोपला. चांगली झोप लागलीय, तर थांबू नये… मग नर्स आली. तिनं नाडी बघितली. आणि माझा हात धरला.”

बेलाच्या झाडावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला.

“हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? विसाव्या वर्षी मुलगा जातो आणि शेवटी काय म्हणतो, तर… जरा वर. माझ्याकडे एखाद्यानं असा शेवट लिहून आणला असता, तर मी कागद फाडून टाकला असता.”

मागे सरकल्याचा आवाज झाला. अप्पा सूप बाजूला करून, हातांवर रेटत रेटत पायरीपर्यंत आले होते. उरुणकरांच्या शेजारी बसले. मग दोन्ही हातांनी आपला एक पाय उचलला आणि उरुणकरांच्या मांडीवर ठेवला. पाय म्हातारा होता, घोट्याशी सुजलेला, टाचेला भेगा, वर शेंगांची माती.

“खाजव,” अप्पा म्हणाले.

उरुणकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. अप्पा अंगणाकडे बघत होते.

उरुणकरांना पहिल्यांदा संकोच वाटला. कोटाची बाही त्यांनी मागे घेतली. मग घोट्याच्या खाली, बोटांच्या पेरांनी, हळूहळू खाजवायला लागले. कातडी कोरडी होती. मातीचे कण सुटून कोटावर पडत होते.

थोडा वेळ गेला.

“जरा वर,” अप्पा म्हणाले.

उरुणकरांचा हात वर सरकला. तिथं तो थांबला. त्यांनी तो काढला नाही. मग तोंडातून जो आवाज फुटला, तो त्यांनी आजवर कुणाच्या तोंडी घातलेल्या कुठल्याच रडण्यासारखा नव्हता. घोगरा, वेडावाकडा, मध्येच अडकणारा. मोटारीतला ड्रायव्हर जागा होऊन उठून बसला, आणि पाहून पुन्हा आडवा झाला.

अप्पांनी पाय काढून घेतला नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही. उरुणकर त्या पायावर वाकून रडत राहिले. मधूनच त्यांची बोटं आपोआप खाजवत, मग थांबत.

ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं. सावली लांब झाली.

शेवटी उरुणकर सरळ बसले. रुमाल काढायला त्यांनी खिशात हात घातला. खिसा रिकामाच होता. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

“त्याचे पाय लहानपणी फार सुंदर होते,” ते म्हणाले. “ती तेल लावायची…”

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अप्पांनीही ते पुरं कर असं म्हटलं नाही.

मग उरुणकर अप्पांकडे वळले. आता त्यांचा आवाज बसला होता, आणि एरवी प्रत्येक शब्द तोलून टाकणारा माणूस अडखळत बोलत होता.

“म्हणजे हे… हे सांगू मी तिला? तिनं एवढा काळ त्या वाक्यावर काढला. आणि आता जाऊन म्हणू, तसलं काही नव्हतं, तुझी आठवणही काढली नाही त्यानं, त्याच्या पायाला खाज सुटली होती, बस. हे एका आईला कसं सांगायचं, अप्पा? हे ऐकून ती… मला सुचत नाही. ती काय म्हणेल?”

अप्पांनी आपला पाय दोन्ही हातांनी उचलून खाली घेतला. त्यावरची माती झटकली.

“ती इचारील…” ते म्हणाले, “कंचा पाय?”